रविवारी मानलेले उपकार

आजही जेवणाआधी कुणी मला डोळे मिटून "एक उपकार सांगा" म्हटलं, की माझा जबडा आपोआप आवळला जातो. माझा मुलगा म्हणतो, आई, तू दर रविवारी देवळात जातेस, नातवंडांना प्रार्थना शिकवतेस, मग या एका गोष्टीचा तुला एवढा तिटकारा का? आमच्या लोकांत चर्चला देऊळच म्हणतात. मुलाला उत्तर द्यायचं तर ते दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना संकटातही देवाचे उपकार कसे मानावेत यावर गोड काही वाचायचं असेल, त्यांनी हे प्रकरण खुशाल ओलांडून पुढे जावं. सत्तरीला टेकले तरी माझा राग काही म्हातारा झालेला नाही.

आमची वस्ती मिरजगावापासून तीन-चार मैल आत, एका लहान गावाच्या कडेला. ख्रिस्ती माणसांची पंधरा-सोळा घरं, एक पत्र्याचं देऊळ, आणि देवळासमोरच्या बाभळीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो लोखंडी सळईने बडवला की ती आमची घंटा. बडवायचा मान आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते मंडळीचे, म्हणजे देवळात जमणाऱ्या आमच्या लोकांचे, पुढारी होते. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, नगरहून महिन्यातून एकदा येत, मधल्या रविवारी उपासना आप्पाच चालवत. ते मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेले. त्यामुळे आमच्याशी ते गावचं बोलत आणि देवाशी छापील मराठीत बोलत. "हे परमदयाळू स्वर्गीय बापा" म्हणताना त्यांचा आवाज असा बदले की लहानपणी मला वाटे, घरात दुसरंच कुणी आलंय. आई मात्र देवाशीही तशीच बोले जशी शेरडीशी आणि आमच्याशी.

आमच्या घरात एक रीत होती, ती आप्पांनी घातलेली. दिवेलागणीला चुलीपुढे सगळ्यांनी बसायचं, आप्पा शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग वाचायचे, आणि मग प्रत्येकाने त्या दिवसाचा एक उपकार सांगायचा. आधी धाकटी रूथ, मग मी, मग आई, शेवटी आप्पा. उपकार नवा हवा, कालचा चालायचा नाही. प्रत्येकाचा सांगून झाला की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. एकाचाही आमेन राहिला तर तो उपकार देवापर्यंत पोचत नाही, आणि सगळे पोचल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. हा नियम शास्त्रात कुठेही नाही, मी पुढे शोधून पाहिलं. आप्पांनी तो स्वतःच्या मनाने केला होता, आणि आम्ही तो दहा आज्ञांच्या रांगेत अकरावा धरून चाललो होतो.

बरे दिवस होते तेव्हा यात मजाच होती, खोटं कशाला बोलू. आमची चार एकर कोरडवाहू जमीन, बाजरी आणि हुलगे व्हायचे, थोडी तूर. आई भाकरी थापायची तो थपथप आवाज, चुलीवर हुलग्याच्या शेंगोळ्यांचा लसणाचा वास, आणि आम्ही दोघी बहिणी दिवसभर नवा उपकार हुडकत हिंडायचो. शेरडीला दोन करडं झाली, आमेन. गुरुजी आज शाळेत आलेच नाहीत, आमेन, आणि यावर आप्पांनी हसू दाबण्यासाठी मिशीवरून हात फिरवला. रूथने एकदा सांगितलं, "आज विमलताई माझ्याशी भांडली न्हाई," आणि मी आमेन म्हणायच्या आधी तिला चिमटा काढला. सुगी झाली की देवळात कापणीची उपकारस्तुती असे. दाराला बाजरीची कणसं बांधलेली, वेदीपुढे भोपळे, शेंगा, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला एखादा कोंबडा, जो नेमका प्रार्थनेत ओरडायचा. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव व्हायचा, आणि आप्पा हौसेने आमचाच भोपळा पुन्हा घरी घेऊन यायचे. आई म्हणायची, "आवो, घरात होता की त्यो." पोट भरलेलं असताना कृतज्ञ होणं काय अवघड आहे? ते कुणालाही जमतं.

मग दुष्काळ आला. पहिलं वर्ष लोकांनी साठवणीवर ढकललं. दुसऱ्या वर्षी आमची विहीर इतकी आटली की तळाला सोडलेली बादली दगडावर आपटून रिकामीच वर यायची. शेरडी विकल्या. सरकारने रस्त्याचं काम काढलं तेव्हा आई आणि आप्पा दोघांनीही हजेरीपटावर नाव घातलं. आप्पा माती वाहायचे, आई खडी फोडायची. त्या रांगेत गावातल्या पाटलांच्या भावकीतल्या बायकाही होत्या, ज्या एरवी आमच्या वस्तीतून जाताना लुगडं सावरून कडेकडेने जायच्या. आता सगळ्यांच्या हातात एकच हातोडा होता. त्यांतली कौसाबाई आईच्या शेजारी बसे. तिची आईशी अशी गट्टी जमली की दोघी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. भाकरी कसली, रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची. गरम असताना ती गिळता येई, गार झाली की चामड्यासारखी व्हायची.

आणि तरीही दिवेलागणीला आप्पांची रीत चालूच होती. उपकार नवाच हवा. मी चौदा वर्षांची होते, शाळा सुटली होती, दिवसभर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहायची. संध्याकाळी अंगात त्राण नसायचं आणि समोरची भाकरी गार होत असताना मला देवाचा उपकार शोधावा लागायचा. रूथ रडकुंडीला येऊन म्हणायची, "आज मला पडसं न्हाई." आई म्हणायची, "देवा, आज टँकर आला, तुजं लई उपकार." आप्पा मात्र फुलत चालले होते. भरल्या घरातली स्तुती देवाला किती आवडत असेल न जाणे, पण उपाशी पोटाची त्याला नक्की आवडते, असं त्यांना वाटू लागलं होतं. एकदा मी म्हटलं, "आज काहीच न्हाई झालं." आप्पा शांतपणे म्हणाले, "मग बसू की. सापडंल." आम्ही बसलो. शेवटी मी म्हटलं की आज वारा सुटला. तेव्हाच माझ्या मनात आलं की हे देवासाठी चाललेलं नाही. आप्पांना आमच्याकडून काहीतरी ऐकायचं आहे, आणि ते ऐकल्याशिवाय ते आम्हाला जेवू देणार नाहीत.

त्या वर्षी कापणीची उपकारस्तुती करू नये असं वस्तीतल्या बहुतेकांचं मत होतं. कापायलाच काही नव्हतं. आप्पा घरोघर हिंडले. "सुगीत तर कोन बी मानतंय," ते म्हणायचे, "आपन आवंदा मानून दाखवू." शब्द नीट पाहा, मानून दाखवू. त्यांनी पाळकसाहेबांना पत्र घातलं, रविवार ठरला, आणि त्या रविवारच्या आधी गुरुवारी आईच्या डोळ्यात खडीचा कपचा उडाला.

मी तिथे नव्हते, कौसाबाईने नंतर सांगितलं. हातोडा बसला, आईने "आय गं" केलं आणि डोळा झाकून घेतला. कौसाबाईने पदराचं टोक पिळून कपचा काढला, पाणी मारलं. काळा तिळाएवढा तुकडा तिने तळहातावर धरून आईला दाखवला, म्हणाली, "निगाला बग, वाचलीस." संध्याकाळी आईचा डोळा लाल होता आणि सारखा गळत होता, पण तिला दिसत होतं. उपकार सांगायची वेळ आली तेव्हा आई गप्प बसली. आप्पांनी तिच्या वतीने सांगितला. छापील मराठीत सांगितला. हे परमदयाळू स्वर्गीय बापा, तू आपल्या दासीचा नेत्र राखलास. आम्ही आमेन म्हटलं, मीही म्हटलं. मनापासून म्हटलं. हे मी लपवणार नाही.

रविवारी पाळकसाहेब नगरच्या मंडळीतल्या एकाच्या जीपगाडीने आले. वेदीपुढे लोकांनी आणलेलं मांडलं होतं, कुणी ओंजळभर मिलो, कुणी वाळलेला पाला, आणि एका म्हातारीने तांब्याभर पाणी. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला आप्पा उठले. त्यांनी आईला पुढे बोलावलं. डोळ्याला धुवट पांढरं फडकं बांधलेलं, मान खाली. आप्पा म्हणाले, आमच्या घरात आणायला दाणा नाही, पण मी हा डोळा आणला आहे. दगड आत गेला आणि देवाने तो बाहेर काढला. सगळं देऊळ आमेन म्हणालं. पत्रा हादरला. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की अशी साक्ष त्यांनी शहरात ऐकली नाही. आई तशीच उभी होती. तिला परत जागेवर जायला सांगायला कुणालाच सुचलं नाही, शेवटी मी जाऊन तिचा हात धरला. तो गरम होता, अंगात ताप होता. ती माझ्या कानाशी म्हणाली, "इमल, डोकं लई ठनकतंय गं."

दुपारी पाळकसाहेब ज्या गाडीने आले त्याच गाडीने नगरला परत गेले. मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. ओंजळभर दाण्यांच्या पुड्या त्या जागेवर ठेवल्या होत्या. मी गाडीच्या धुळीत उभी राहून ती जागा पाहिली, पण मला तेव्हा काही सुचलं नाही. पुढे मी नर्स झाले, किती रोग्यांना गाड्यांत घातलं, आणि दर वेळी मला तो बाक आठवला आहे.

सोमवारी पापणी सुजली. मंगळवारी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. आई कामाला गेली नाही, अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. तिने आप्पांना एकदाच विचारलं, "आवो, येकदा नगरच्या दवाखान्यात दावून यिऊ का?" आप्पा तिच्या उशाशी बसले होते. ते वाईट नवरे नव्हते. हे लिहिताना हात आखडतो, पण लिहायला हवं. ते रात्रंदिवस फडकं ओलं करून तिच्या कपाळावर ठेवत, स्वतःच्या वाटणीचं पाणी त्यासाठी वापरत, आणि तिसऱ्या दिवसापासून उपास धरून बसले होते. पण ते म्हणाले, "आगं, मंडळीम्होरं उपकार मानल्यात. डोळा राखला म्हनून सांगितलंय. आता दवाखान्यात गेलो तर देवाला खोटं पाडल्यासारकं हुईल. लोकं काय म्हनतील?" शेवटचं वाक्य ते हळू बोलले, पण मी ऐकलं. आईने तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. संध्याकाळी पुन्हा शास्त्र, पुन्हा उपकार. बुधवारी आईने झोपल्या जागेवरून सांगितलं, "पोरींनी पानी आनलं." आमेन.

गुरुवारी कौसाबाई कामावरून परस्पर आमच्याकडे आली. आमच्या घराचा उंबरा तिने पहिल्यांदाच ओलांडला. आईचं फडकं उचलून तिने पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं. बाहेर येऊन तिने मला कोपऱ्यात ओढलं. "तुजा बाप काय करतोय?" मी म्हटलं, प्रार्थना. ती म्हणाली, "करू दे. पर डोळ्यात पू झालाय, पोरी. उद्याच्याला चाऱ्याचा ट्रक रिकामा नगरला जातोय, माजा भाचा हाय त्याच्यावर. हमरस्त्याला उभी ऱ्हा." आमची देवळातली माणसं आठवडाभर घरी येऊन आईला पाहत होती आणि विश्वास धरा म्हणत होती. ट्रकचं सांगायला बाहेरची बाई आली.

सकाळी मी आईला उठवलं. तिच्या अंगावर दुसरं लुगडं चढवलं, रूथला शेजाऱ्यांकडे बसवलं. आप्पा देवळातून आले आणि दारात उभे राहिले. उपासाने त्यांचे गाल आत गेले होते.

"कुठं निगालीस?"

"नगरला."

"इमल, मी मंडळीम्होरं काय बोललोय तुला म्हाईत हाय."

"तुमी बोलला," मी म्हटलं. "आई न्हाई बोलली."

वडिलांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पण माझा आवाज काही कापला नाही. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मार तरी मला विसरता आला असता. ते दारातून बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सोबत मात्र आले नाहीत. आईला धरून मी तीन मैल चालले. मधे ती दोनदा खाली बसली. हमरस्त्याला ट्रक थांबला, आम्हाला केबिनमध्ये घेतलं, आणि नगरपर्यंत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्ड्यात चाक गेलं की ती कण्हायची आणि मी ड्रायव्हरकडे असं बघायची की जणू खड्डे त्यानेच पाडले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बारीक, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, कधी लागलं? मी सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "रविवारपर्यंत आणलं असतं तर कदाचित वाचला असता. आता काढावा लागेल, नाहीतर दुसराही जाईल." मी त्यांना पुन्हा विचारलं, कधीपर्यंत? त्यांना वाटलं मला कळलं नाही. त्या सावकाश म्हणाल्या, "रविवारपर्यंत." मला कळलं होतं. रविवारी आई वेदीपुढे उभी होती आणि आम्ही सगळे त्या डोळ्याबद्दल देवाचे आभार मानत होतो.

पंधरा दिवसांनी आम्ही घरी आलो. आप्पा एकदा दवाखान्यात येऊन गेले होते, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून आईचे पाय दाबून गेले होते. माझ्याशी ते बोलले नव्हते. त्या दिवशी वस्तीतली माणसं भेटायला आली आणि एकेकाने तेच म्हटलं, एक तरी राहिला, देवाचे उपकार माना. मी पाणी देत होते. तिसऱ्याने म्हटलं तेव्हा मी तांब्या खाली आपटला आणि घरात निघून गेले. आज इतक्या वर्षांनंतरही मला उलगडलेलं नाही की ज्याचं गेलं त्याने कधी आभार मानायचे हे ज्यांचं काहीच गेलेलं नाही ते कसं ठरवतात. मी आजही देवाचे उपकार मानते. आजारपणात मानले, मालक गेले त्या वर्षीही मानले, चांगल्या दिवसांत तर मानतेच. पण ते माझ्या तोंडून येतात आणि माझ्या गोष्टीबद्दल असतात. दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल मी देवाला कधी एक शब्द गोड बोललेली नाही. तिथे मी फक्त मागते, आणि कधी कधी भांडते.

संध्याकाळी आई चुलीपुढे बसली. एका डोळ्याने तिला तव्याचा अंदाज येईना, पहिली भाकरी काठावर पडून मोडली. आप्पांनी शास्त्र उघडलं. मला वाटलं आज तरी ते नुसतं वाचतील आणि मिटतील. त्यांनी वाचलं, मिटलं आणि रूथकडे पाहिलं.

रूथ म्हणाली, "आई घरी आली." आमेन झाला. मग माझी पाळी.

"माझ्याकडं न्हाई," मी म्हटलं.

आप्पा खाली बघत म्हणाले, "एक डोळा राहिला, त्याबद्दल मान."

"त्या रविवारी तुमीच मानलेत. दोन्हींबद्दल."

चुलीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला. आप्पांनी पुस्तकावर हात ठेवला होता, तो हलला नाही.  मग आई पिठाचे हात मांडीवर ठेवून, डोळा मिटून, नेहमीच्या आवाजात बोलली. माझी पाळी राहिली होती, तरी तिने आपली घेतली.

"देवा, माज्या इमलला राग दिलास. त्यो नसता दिला तर मी आंधळीच झाले असते. त्याबद्दल तुजं उपकार."

रूथने आमेन म्हटलं. मी मान हलवली आणि मग कसाबसा म्हटला. आता फक्त आप्पा राहिले. नियम त्यांचाच होता. एकाचाही आमेन राहिला तर उपकार पोचत नाही, आणि तोवर कुणी जेवायचं नाही. आई डोळा मिटून थांबली होती. तिने मान वर केली नाही, त्यांच्याकडे पाहिलं नाही. रूथ भाकरीकडे बघत होती आणि भाकरी गार होत होती.  मंडळीपुढे दणदणीत बोलणाऱ्या माणसाला तो तीन अक्षरांचा शब्द बाहेर काढायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी त्यांच्याकडे सरळ पाहत राहिले, आणि मी नजर काढून घेतली नाही.

"आमेन," आप्पा म्हणाले.

आईने मोडलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि धड होती ती आप्पांना वाढली. मिलोची भाकरी तोवर चामड्यासारखी झाली होती. आम्ही चौघांनी ती चावून चावून खाल्ली.